पाच वाजता फाटकाला कुलूप

बीड-परळी, लातूर-निलंगा, परभणी-गंगाखेड, यातल्या कुठल्याही रस्त्याने पहाटे पाचला गाडी काढा. रस्त्याच्या कडेने पोरं पळताना दिसतील. अलीकडे पोरीही दिसतात, दोघी-तिघी मिळून, ओढणी कमरेला बांधून नाहीतर ट्रॅकपँट घालून. ही पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून मैदानी चाचणीचे ५० गुण. या ५० गुणांसाठी बाप सोयाबीन विकून तालुक्याच्या अकॅडमीची फी भरतो, मेस लावतो. आई दुधाचा रतीब वाढवते. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पळण्याला घरात एकदम किंमत येते. तोच पोरगा बारा वर्षांचा असताना चेंडू घेऊन बाहेर निघाला की आतून आवाज यायचा, "खेळून काय पोट भरतंय का? बस अभ्यासाला."

मधली सात-आठ वर्षं कुठे जातात? ज्या वयात हाडं भरतात, दम वाढतो, पडायचं कसं आणि सावरायचं कसं हे अंगाला कळतं, त्या वयात लेकरू क्लासच्या बाकावर बसलेलं असतं. नंतर एके दिवशी ते डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून पळायला लागतं. मग पायाच्या नळ्या दुखतात, गुडघे धरतात, आणि अकॅडमीतले पहिले काही आठवडे दुखणी शेकण्यातच जातात. खेळाला मार्क चिकटले की खेळ चालतो, मार्क नसतील तर तो टवाळखोरी ठरतो. हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे आणि त्याचा दोष पोरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी. याच संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांची २०१६ पर्यंतची आकडेवारी तपासली तेव्हा ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं या मापात बसली नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं, मुलग्यांमध्ये ७८. भारत जगाच्या सरासरीपेक्षा जरासा बरा निघाला, म्हणजे चारातली तीन मुलं कमी पडली. त्या बरेपणाचं अभ्यासकांनी दिलेलं संभाव्य कारण वाचण्यासारखं आहे. भारत-बांगलादेशातले मुलगे गल्लीत क्रिकेट खेळतात म्हणून त्यांचा आकडा बरा, आणि मुली? त्यांना घरकाम जास्त पडतं म्हणून. म्हणजे हापशावरून आणलेली घागर, झाडलेलं अंगण आणि कडेवर घेतलेला धाकटा भाऊ, हे सगळं तिच्या हालचालीच्या खात्यात जमा झालं. हा आकडा बघून समाधान मानणाऱ्याला मी हात जोडतो.

आता ही ६० मिनिटं दिवसात बसवायची कुठे, ते बघा. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, पण तो रोज नसतो आणि असला तरी अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यातून हजेरी, रांगा आणि 'गणिताचा पोर्शन राहिलाय' हे वजा करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण आणि खेळाचं साहित्य हवं असं स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, हेही लिहिलंय. मराठवाड्यातल्या किती जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या शंभराच्या वर जाते? वाडी-तांड्यावरची दोनशिक्षकी शाळा या नियमाच्या बाहेरच राहते. तिथे गुरुजीच खिचडीचा हिशोब ठेवतात, गुरुजीच ऑनलाइन माहिती भरतात, निवडणूक आली की गुरुजीच मतदारयादी घेऊन फिरतात. त्यांनी वर शिट्टीही वाजवावी ही अपेक्षा ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर धोरण उभं करता येत नाही. थोडक्यात, लेकराच्या अंगाला हालचाल मिळायची ती शाळा सुटल्यावर, दिवेलागणीच्या आधी. माझं म्हणणं एवढंच आहे की हा पाच ते सातचा वेळ आपल्याकडे कुणाच्याच ताब्यात नाही, म्हणून तो ज्याला सापडेल त्याने उचलला. क्लासने उचलला, बसने उचलला, मोबाईलने उचलला.

मोबाईलचं आधी उरकून घेतो, कारण हा विषय निघाला की गाडी तिथेच जाऊन थांबते. 'पोरं मोबाईल सोडतच नाहीत' हे खरं आहे. पण ज्या गावात संध्याकाळी कुणीतरी चुना घेऊन रेघा मारतो, त्या गावात मोबाईल घेऊन पारावर बसलेलं पोरगं दहा मिनिटांत उठून रेघेच्या आत येतं, हे मी कितीदा पाहिलंय. खेळायला जागा आणि गडी असताना एकटं बसणारं बारा वर्षांचं लेकरू विरळा. मोबाईलची सवय हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, पण मैदान ओस पडण्याचं मूळ कारण म्हणून तो मला पटत नाही. मैदान आधी बंद झालं.

बंद झालं म्हणजे अक्षरशः बंद. गावातली सगळ्यात चांगली, सपाट, दगड-काटे नसलेली जागा बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळेचीच असते. पाच वाजता शाळा सुटते, शिपाई असला तर शिपाई, नसला तर शेवटचे गुरुजी फाटकाला कुलूप लावतात आणि मोटरसायकलने तालुक्याला जातात. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत ती जागा कुणाचीच नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बऱ्याच शाळांना भिंत नव्हती. शाळा सुटली तरी मैदान सुटत नसे. पोरं दप्तर ओट्यावर फेकून परत यायची. मग 'आदर्श शाळा', 'सुंदर शाळा' असे उपक्रम आले, लोकवर्गणी झाली, संरक्षक भिंत उभी राहिली, भिंतीवर अ-आ-इ-ई रंगलं, लोखंडी गेट बसलं. भिंत हवीच होती. डुकरं, मोकाट जनावरं, दारूडे यांचा त्रास काय असतो ते शिक्षकांना विचारा. पण डुकरांना अडवणाऱ्या भिंतीने लेकरांनाही अडवलं. उद्घाटनाच्या भाषणात हे कुणी बोललं नाही.

मुख्याध्यापकांची बाजू ऐकून न घेता बोलणं बरोबर होणार नाही. गेट उघडं ठेवलं तर सकाळी व्हरांड्यात बाटल्या सापडतात. नळाच्या तोट्या जातात. वर्गातला टीव्ही, छतावरचं सोलर पॅनेल, संगणक यांची चोरी झाली तर जबाब त्यांना द्यावा लागतो. आणि सगळ्यात मोठी भीती अशी, की शाळा सुटल्यावर आवारात एखाद्या लेकराचा हात मोडला तर पालक आधी कुणाला धरणार? मी मुख्याध्यापक असतो तर मीही कुलूप लावलं असतं. त्यामुळे 'शाळांनी मैदानं खुली ठेवावीत' असं एक परिपत्रक काढून काही होणार नाही. परिपत्रक निघेल, सही होईल, फाइलला लागेल आणि कुलूप तसंच राहील.

यातून वाट काढायची तर किल्ली आणि जबाबदारी दोन्ही मुख्याध्यापकांच्या खांद्यावरून उतरवायला हव्यात. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीच्या बैठका कशा होतात ते आपल्याला माहीत आहे. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात. पण समिती कागदावर तरी आहे. तिने ठराव करायचा, की पाच ते सात मैदान समितीच्या ताब्यात, वर्गखोल्यांना वेगळं कुलूप, मैदानाची किल्ली अमुक व्यक्तीकडे. व्हरांड्यालाच एक जाळीचं दार बसवलं की वर्ग आणि मैदान वेगळे होतात. त्याचा खर्च गावाच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या कमानीच्या मानाने किरकोळ आहे. (कमानीचं मला फार कौतुक आहे. गावात शिरताना दिसते, लग्नाच्या वरातीत उपयोगी पडते आणि निधीही नेहमी सापडतो.)

शाळेचंच मैदान का, गावात इतर मोकळी जागा नाही का, असं कुणी विचारेल. आहे ना. देवळापुढे आहे, पारापुढे आहे, बाजारतळ आहे. पण देवळापुढच्या जागेवर कोण मनमोकळं खेळू शकतं आणि कुणाला लांबून बघावं लागतं, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गावातली पोरं एकीकडे, वस्तीतली दुसरीकडे, तांड्यावरची तिसरीकडे. एकमेकांचा चेंडू हरवला तरी बोलाचाली होते. शाळेचं मैदान ही गावातली एकमेव जागा आहे जिथे प्रत्येक लेकराचा हक्क हजेरीपटावर लिहिलेला असतो. दुपारी एका रांगेत खिचडी खाणारी पोरं संध्याकाळी एका संघात खेळली तर ते कुणाला रुचणार नाही असंही होईल. म्हणून तर ती जागा उघडी हवी.

शहरात गोष्ट वेगळी आहे आणि अधिक वाईट. छत्रपती संभाजीनगरात गुंठेवारीच्या वसाहतींमधून फिरून या. शेतजमिनीचे तुकडे पाडून वीस बाय तीसचे प्लॉट विकले गेले, बाँडपेपरवर व्यवहार झाले, घरं उभी राहिली आणि २००१ च्या कायद्याने ती नियमित करायची सोय झाली. घरं नियमित होतील, पण जे मैदान मुळात सोडलंच नव्हतं ते कुठून नियमित करणार? मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, ती सोडलेलीही असते. पुढे त्या खुल्या जागेवर आधी एक मंदिर येतं, मग सभागृह, मग ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा, मग आमदार निधीतून ओपन जिम. ओपन जिमची यंत्रं मोठ्यांच्या मापाची. लेकरं त्यावर लोंबकळतात आणि बोटं चेंगरून घेतात. उरलेल्या जागेत 'येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी. काचा फुटतात, गाड्यांना चेंडू लागतो, तक्रार चुकीची नाही. पण क्रिकेट इथे नाही तर कुठे खेळायचं, ते पाटीवर कधी लिहिलेलं नसतं.

ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी उत्तर निघालंय. लातूर, नांदेड, संभाजीनगरात टर्फ झाली आहेत. जाळी, हिरवा गालिचा, झगझगीत दिवे, तासाला काही शे रुपये. रात्री तिथे नोकरी-धंद्यातली तिशीची माणसं खेळतात आणि खुशाल खेळोत. स्केटिंग, कराटे यांचेही क्लास आहेत, गणवेश आणि बेल्ट परीक्षेच्या फीसकट. पण अशाने खेळ हा विकत घ्यायचा पदार्थ झाला. आणि जो क्लास आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, एका ओळीत उभं राहून असतो, त्याला गल्लीतल्या लगोरीची सर येत नाही. लगोरीत पोरगं पळतं, वाकतं, भांडतं, नियम बदलतं, रुसून घरी जातं आणि पाच मिनिटांत परत येतं.

जागा दिली की पोरं आपोआप खेळतील असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावात दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं. नव्या गावात रुंद रस्ते, ऐसपैस प्लॉट, शाळा-मंदिर-समाजमंदिर यांच्यासाठी राखलेल्या जागा. कागदावर मुलांसाठी याहून चांगलं गाव नाही. पण जागा राखणं आणि ती राबती ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वापर नसला की मराठवाड्यात मोकळ्या जागेवर वेडी बाभूळ उगवते, मग उकिरडा येतो, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा राहतो. शिवाय दाट गल्लीत एका हाकेवर आठ पोरं जमायची. घरं लांब लांब गेली की हाकच पोचत नाही. तालुका क्रीडा संकुलांचंही तेच झालं. जमीन मिळाली ती शहराबाहेर, हायवेला लागून. सकाळी चालायला येणाऱ्या मोठ्या माणसांची त्याने चांगली सोय झाली, पण दहा वर्षांचं लेकरू ट्रक चुकवत तिथे एकटं कसं जाणार?

आता बस. याकडे कुणाचंच लक्ष नाही, म्हणून जरा थांबतो. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस तुम्ही पाहिल्या असतील. ज्या गावात पुढची शाळा नाही त्या गावातल्या मुलींना शाळेपर्यंत न्यायचं-आणायचं काम त्या करतात, पास मोफत असतो. या बसमुळे मराठवाड्यातल्या कितीतरी मुली सातवीनंतर घरी न बसता दहावी-बारावीपर्यंत गेल्या. या योजनेबद्दल वाकडा शब्द काढायची माझी इच्छा नाही. पण तिचं वेळापत्रक बघा. शाळा पाचला सुटते, बस सव्वापाचला लागते. ती चुकली तर रात्रीचं कसं यायचं, म्हणून शेवटच्या तासालाच पोरींचं लक्ष दप्तरावर आणि खिडकीबाहेर असतं. शाळेने संध्याकाळी खो-खोचा सराव ठेवला तर त्याला फक्त त्याच गावातल्या मुली थांबू शकतात. बाहेरगावच्या निम्म्याहून अधिक मुली संघात नसतात याचं कारण त्यांच्या पायात शोधू नका, डेपोच्या वेळापत्रकात शोधा. क्रीडाशिक्षकांना विचारलं की ते म्हणतात, पोरी थांबायला तयार नाहीत. पोरींना विचारलं तर त्या म्हणतात, "सर, बस जाती."

इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या गाड्यांचं याहून कठीण आहे. तालुक्याची शाळा, दहा गावांचा फेरा, एका गाडीत कोंबलेली पोरं. सकाळी साडेसातला पहिल्या गावातून उचललेलं लेकरू संध्याकाळी सहाला उतरतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य बुडतो. ते घरी येतं तेव्हा गावातले खेळगडीही पांगलेले असतात, आणि खरं तर गावात त्याचे खेळगडी उरलेलेच नसतात, कारण त्याचे मित्र वर्गातले आणि ते नऊ वेगवेगळ्या गावांत उतरलेले. त्याच्या आजोबांना शाळेत चालत जावं लागायचं, बापाला सायकल होती. त्याला पायाची गरजच पडत नाही.

अविनाश साबळेची गोष्ट आपण फार आवडीने सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, लहानपणी शाळेसाठी रोज सहा-सात किलोमीटर पायी किंवा पळत जायचा, पुढे सैन्यात गेला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्य घेतलं, पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण तिचा जो अर्थ शाळाशाळांत सांगितला जातो, की बघा, सोयी नसतानाही जिद्द असली की होतं, तो मला धोकादायक वाटतो. शाळा लांब असणं ही सोय नव्हती, ती आपली लाज होती. ते अंतर आपण बसने आणि गाडीने मिटवलं, हे चांगलंच झालं. मात्र त्या अंतरातून लेकरांच्या अंगाला जे मिळत होतं ते दुसऱ्या कुठल्या वाटेने द्यायचं, याचा विचार केला नाही. जिद्दीची भाषणं दिली की व्यवस्थेचा विचार करावा लागत नाही, ही या गोष्टीची खरी अडचण.

धाराशिवच्या खो-खोची गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. या जिल्ह्याचा राज्यात दबदबा आहे. इथल्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाचं नेतृत्व केलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला लागतं काय? साधारण २७ बाय १६ मीटर जागा, दोन खांब, चुना आणि रोज संध्याकाळी न चुकता येणारं एक माणूस. पहिल्या तीन गोष्टी मराठवाड्याच्या जवळपास प्रत्येक गावात आहेत. चौथी नाही. जिथे ती होती तिथे गरीब घरातल्या, दुष्काळी भागातल्या मुली देशासाठी खेळल्या.

पण हेही लगेच सांगायला हवं, की पदकाच्या मागे लागण्यानेही मैदान रिकामं होतं. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा आल्या की शाळा बारा मुलं निवडते. मग दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीचे गुण, पुढे नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, यांच्यामुळे ती बारा जणं घरच्यांच्या नजरेत भाव खातात. उरलेले तीनशे टाळ्या वाजवायला. जाड, बुटकं, चष्मेवालं, धापा टाकणारं, एका पायाने अधू असलेलं लेकरू, ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, तेच आधी गळतं. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन होतो, १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी राज्य क्रीडा दिन होतो. फोटो निघतात, ग्रुपवर पडतात. वर्षाच्या बाकीच्या ३६३ संध्याकाळी फाटकाला कुलूप.

क्लासबद्दल लातूरच्या माणसाने बोलावं, पण सगळ्या मराठवाड्यावर त्याची सावली आहे म्हणून बोलतो. लातूर पॅटर्नने, म्हणजे परीक्षेच्या घोटून तयारीच्या इथल्या पद्धतीने, शेतकऱ्यांच्या पोरांना डॉक्टर केलं, ही मोठी गोष्ट आहे, आणि ट्युशन एरियात खोली करून राहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला तर त्याला मी नाव ठेवणार नाही. नांदेडलाही आता तेच चित्र. अडचण अशी की ही घाई खाली खाली सरकत गेली. आठवीला फाउंडेशन, पाचवीला नवोदय आणि सैनिक स्कूलची तयारी, तिसरीला शिष्यवृत्तीचा 'पाया'. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तालुक्याच्या गावात त्यांचा मागमूस नाही. गंमत म्हणजे सैनिक स्कूलच्या तयारीसाठी लेकराचं खेळणं बंद होतं. पालकांनाही मी फार दोष देत नाही. दोन एकर कोरडवाहू असलेल्या बापाला पोराच्या एका परीक्षेखेरीज दुसरी वाट दिसत नसेल, तर त्याला खेळाचे फायदे ऐकवणं हा शहाणपणाचा आगाऊपणा आहे. त्याला क्लास सोडा म्हणू नये. क्लासची वेळ साडेसहा करा म्हणावं. संध्याकाळचा एक तास मोकळा राहिला म्हणून कुणाची रँक गेल्याचं ऐकलं नाही.

मुलींचं दुखणं वेळेपुरतं नाही. सहावी-सातवीपर्यंत ती लंगडी खेळते, सायकल चालवते. पाळी सुरू झाली की एका रात्रीत 'मोठी' होते. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" हे आजी सांगते. कट्ट्यावर बसलेली पोरं काय बोलतात ते ती स्वतः ऐकते. आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, ते तर कुणी बोलतच नाही. शाळेचं स्वच्छतागृह पाचनंतर कुलपात. म्हणून मैदानावरचं ते रोजचं माणूस म्हणजे दोन माणसं हवीत आणि त्यातली एक बाई हवी, हे मी अट म्हणून मांडतो. बाई उभी असली की आया पाठवतात. दोघांचीही पोलीस पडताळणी व्हावी, यात संकोचण्यासारखं काही नाही.

ही माणसं कुठून आणायची? बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करून घरी बसलेली पोरं मराठवाड्यात थोडीथोडकी नाहीत. आणि पहाटे रस्त्यावर पळणारी ती भरतीची पोरं-पोरी आहेतच. त्यांना सपाट मैदान हवंय, थोडा हातखर्च हवाय. संध्याकाळी दीड तास लेकरं खेळवायची, महिन्याला मानधन घ्यायचं. मानधन मात्र मानाचं हवं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार देऊन आपण जी थट्टा केली, ती इथे केली तर दिवाळीपर्यंत कुणी टिकणार नाही.

वेळाही ऋतूप्रमाणे हलवाव्या लागतील. थंडीत पाचला सुरू करून अंधार पडायच्या आत संपवायचं. एप्रिलात शाळा सकाळची असते, अकरा-बाराला सुटते आणि पारा चाळिशीच्या पुढे, तेव्हा सहापर्यंत लेकरांना बाहेर काढणं हाच गुन्हा. सहा ते साडेसात हाच वेळ, आणि त्यासाठी एका खांबावर दोन दिवे. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या बीडच्या लेकरांना यातलं काही लागू होत नाही. त्यांच्या अंगाला हालचाल भरपूर आहे, बालपणच नाही. ती हंगामी वसतिगृहात राहिली तरच या मैदानावर येतील.

बसचं काम मात्र याच उन्हाळ्यात होण्यासारखं आहे आणि त्याला रुपयाही लागत नाही. शाळांच्या वेळा बघून आगारप्रमुख फेऱ्या लावतात. तालुक्यातल्या तीन-चार माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी मिळून मे महिन्यात पत्र दिलं, की आठवड्यातले तीन दिवस परतीची फेरी सव्वापाचऐवजी सव्वासहाला सोडा, तर जूनच्या वेळापत्रकात ती बसू शकते. थंडीत ती पावणेसहाला आणावी लागेल, नाहीतर पोरी अंधारात उतरतील आणि पुढच्याच आठवड्यात पालक हरकत घेतील. चालक-वाहकांची ड्युटी बदलेल, आगार कुरकुर करेल, शेवटच्या गावाला उतरणाऱ्या मुलींच्या आयांशी आधी बोलावं लागेल. पत्रावर शाळा व्यवस्थापन समितीच्या महिला सदस्यांच्या सह्या असल्या तर आगारालाही नाही म्हणणं जड जातं.